फोंतेन्हास पायी बघायचंय? पाण्याच्या मागं मागं चला

जुळे सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. दिवाळीनंतर घरचे सात जण गोव्याला निघालेत, आई अडुसष्ट वर्षांच्या, मुलगा नववीत. बीच आधी दोनदा झालेत, यावेळी पणजीची ती टेकडीच्या पायथ्याची जुनी रंगीत घरांची वस्ती, फोंतेन्हास, नीट पायी फिरून बघायचीय. किती वेळ लागेल, कुठनं सुरू करायचं, गाईड घ्यावा का, आईंना जमेल का, एवढं विचारलंय. मी आपल्या सोलापूरच्या पेठांतनं लोकांना पायी फिरवायचं काम बरीच वर्षं करतोय आणि पणजीलाही ग्रुप घेऊन जातो, त्यामुळं जरा सविस्तरच लिहितो.

पहिलं म्हणजे बहुतेक लोक तिथं काय करतात ते सांगतो. दुपारी अकरा-बाराला गाडीतनं उतरायचं, पिवळ्या भिंतीपुढं एक फोटो, निळ्या भिंतीपुढं एक फोटो, कॉफी प्यायची आणि वीस मिनिटांत परत गाडीत. मग घरी येऊन सांगायचं की काय नाय हो, चार रंगवलेली घरं आहेत. खरंय, असं बघितलं तर चार रंगवलेली घरंच दिसणार. उतारावरची वस्ती समजून घ्यायची असेल तर रंग नंतर बघा, आधी पाणी बघा. ते वरनं कुठनं येतं, कुठं मुरतं, कुठं परत बाहेर निघतं आणि शेवटी कुठं जातं, ही एक गोष्ट पकडली की घरं तिथंच का, गल्ल्या अशाच का, रंग का, सगळं आपोआप सुटत जातं. आणि पाण्याचं सोलापूरकराला वेगळं शिकवायला लागत नाय, नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातली माणसं आपण, टाकी, हौद, बोअर हे आपल्या रोजच्या बोलण्यात असतं.

तर सुरुवात खालनं करू नका, वरनं करा. वर म्हणजे आल्तिनो, पणजीची टेकडी. ड्रायव्हरला सांगा सकाळी सातला बिशप पॅलेसजवळ सोड. तिथं झाडं मोठी, रस्ते रुंद, बंगले, सरकारी ऑफिसं, जुनी लायसियमची, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेची इमारत (तिथं पुढं बरीच वर्षं हायकोर्ट होतं, ते 2021 मध्ये पर्वरीला गेलं). बिशप पॅलेसमध्ये 1986 साली पोप जॉन पॉल दुसरे गोव्यात आले तेव्हा उतरले होते. पण इथं जास्त वेळ घालवू नका, फक्त एक काम करा, पायाखालचा दगड बघा. लाल, भोकाभोकाचा, हातानं घासला तर बोटाला रंग लागतो. हा जांभा, तिकडं त्याला चिरा म्हणतात. आपल्या सोलापूरचा भुईकोट किल्ला, जुने वाडे हे सगळं काळ्या बसाल्टचं, त्यात पाणी सहजासहजी शिरत नाय. जांभ्यात शिरतं. पणजीत वर्षाला 3000 मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो, आपल्याकडं 550 ते 700 म्हणजे बरं वर्ष. एवढा पाऊस त्या टेकडीवर पडला की बराचसा खाली जांभ्यात मुरतो, आत उतरत उतरत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जातो, तिथनं पुढं खाली जायला वाट नसते, मग आडवा सरकतो आणि टेकडीच्या पायथ्याला झरा म्हणून बाहेर येतो. कोकण-गोव्यात जिथं जिथं जांभ्याची टेकडी तिथं तिथं पायथ्याला झरा आणि झऱ्याजवळ वस्ती, हे बऱ्याच ठिकाणी दिसेल. फोंतेन्हास त्यातलंच, त्याचं नावच मुळी तिथल्या फोंत फेनिक्स नावाच्या झऱ्यावरनं पडलंय.

आल्तिनोवरनं मळ्याच्या मारुतीकडं उतरा (मळा हे पायथ्याच्या वस्तीचं नाव). हे देऊळ टेकडीच्या कुशीतच आहे, लांबनंच दिसतं, फेब्रुवारीत तिथं जत्रा असते तेव्हा रोषणाई असते. आईंना दर्शन होईल आणि तेवढीच बसायला जागा. देवळाच्या कठड्यावरनं खाली बघा, मुलाला पण दाखवा: कौलांची छपरं, त्याच्या पलीकडं खाडीची पट्टी, तिच्या पलीकडं पाटोच्या नव्या बिल्डिंगा. टेकडी, मधे घरांची अरुंद पट्टी आणि मग पाणी, बास. म्हणजे ही वस्ती रुंदीला वाढूच शकत नव्हती, ती पायथ्याला धरून लांबीला वाढली. म्हणून तिथल्या मोठ्या गल्ल्या टेकडीला समांतर जातात आणि त्यांना जोडणारे बोळ एकदम छोटे, कुठं कुठं सरळ पायऱ्याच. एकदा हे डोक्यात बसलं की तुम्ही तिथं चुकूच शकत नाय, चढ लागला की समजायचं टेकडीकडं चाललोय, सपाट झालं की खाडीकडं. मॅप उघडायची गरज नाय.

आता आईंचं. ताई, तुम्ही लिहिलंय की चढ असेल तर त्या हॉटेलवर थांबतील. चढ नाय, आपण उतरणारच आहोत, पण गुडघ्याला उतरणं जास्त त्रासाचं असतं हे लक्षात ठेवा. चढताना दम लागतो, उतरताना गुडघ्यावर वजन येतं. गुडघे दुखत असतील तर त्यांना गाडीनं थेट मारुतीजवळ सोडा, नाहीतर सरळ खाली सपाट भागात सेंट सेबॅस्टियन चॅपेलजवळ सोडा, एक जण सोबत राहू द्या आणि तुम्ही वरनं उतरत उतरत त्यांना तिथं गाठा. उतरणार असतील तर हातात काठी, पायात मागं पट्टा असलेली चप्पल नाहीतर बूट, आणि पायरीवर पाय जरा तिरका ठेवून. दिवाळीनंतर पायऱ्या कोरड्या असतात, त्यामुळं वेळ चांगली निवडलीय. जून ते सप्टेंबर शेवाळ असतं, तेव्हा मी साठीच्या पुढच्या माणसांना पायऱ्यांनी नेत नाय.

खाली आलात की मळा. इथं टुरिस्ट जवळजवळ येतच नाय आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. झरा इथं आहे, बांधून काढलेला. त्याला बघून कोणी वा वा म्हणणार नाय, पण पणजी शहराचं पिण्याचं पाणी एकेकाळी अशाच झऱ्यांवरनं आणि विहिरींवरनं यायचं, पाइपलाइन नंतरची. तिथं दोन मिनिटं थांबून मुलाला विचारा की आपल्या सोलापूरला पाणी कुठनं यायचं. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तलाव खोदला, इंग्रजांच्या काळात 1871 ला आदिला नदी अडवून एकरुखचा तलाव झाला, आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो तो. आपल्याकडं पाणी साठवावं लागलं, तिकडं ते टेकडीतनं आपलं आपण बाहेर येतं. गाव वसवायचं कुठं हे दोन्हीकडं पाण्यानंच ठरवलं, फक्त पद्धत वेगळी.

तिथनं 31 जानेवारी रोडला लागा. इथं गाईड लोक हमखास सांगतात की पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झालं त्या दिवसाचं हे नाव. ते बरोबर नाय. स्पेनपासून फुटले ते 1 डिसेंबर 1640 ला. 31 जानेवारी म्हणजे 1891 साली पोर्तुगालच्या पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध, प्रजासत्ताकासाठी जो उठाव झाला तो दिवस. उठाव त्याच दिवशी मोडून काढला, पण 1910 ला तिथं प्रजासत्ताक आलं तेव्हा ह्या तारखेला मान मिळाला, गल्ल्यांना नावं दिली गेली. म्हणजे राजाविरुद्धच्या बंडाची तारीख पणजीच्या गल्लीला. आपण सोलापूरकर, 1930 च्या मार्शल लॉ चं आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचं गाव, आपल्याला अशी तारीख रस्त्याला का देतात हे समजावून सांगायला नको.

वस्ती कशी झाली ते थोडक्यात. अठराव्या शतकाच्या शेवटी अंतोनियो जुआंव सिक्वेरा नावाचा एक गोवेकर मोझांबिकमध्ये पैसा कमावून परत आला, लोक त्याला मोसमीकार म्हणायचे, त्यानं ह्या पायथ्याच्या जमिनीत माडांची बाग केली. ओल्ड गोव्यात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, रोगराईनं माणसं मरत होती, शहर ओस पडत चाललेलं, पोर्तुगीज व्हाइसरॉय 1759 ला पणजीत राहायला आले आणि 1843 ला पणजी रीतसर राजधानी झाली. मग अधिकारी, कारकून, व्यापारी यांना घरं लागली आणि माडाच्या बागेत गल्ल्या पडल्या. लोक ह्याला पोर्तुगीज वस्ती म्हणतात, मिनी पोर्तुगाल म्हणतात, ते मला मनापासून खटकतं. दगड गोव्याचा, गवंडी गोव्याचे, सुतार गोव्याचे, राहणारी माणसं पण बहुतेक गोव्याचीच, ख्रिश्चन आणि मळ्याच्या बाजूला हिंदू. छपराचा उतार, पुढं आलेली पागोळी, खिडकीत काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या, हे सगळं तिथल्या पावसाला आणि उन्हाला दिलेलं उत्तर आहे. आपल्या जुन्या सोलापुरातलं माळवद आठवा, मातीचं सपाट छप्पर, जाड भिंती, कमी पाऊस आणि मे महिन्यातलं ऊन यासाठीच ना ते. माळवद पणजीत एक पावसाळा टिकणार नाय आणि कौलारू घर आपल्याकडं मे महिन्यात राहायला अवघड.

रंगाचं पण तसंच. पोर्तुगीज काळात चर्च पांढरं आणि घरं रंगीत असा दंडक होता, आणि पावसाळा संपला की घर रंगवायचं. लोक फक्त एवढंच सांगतात, त्यामागचं कारण कोणी सांगत नाय. जांभा पाणी पितो, उघडा ठेवला की भिंत आतनं ओली राहते, म्हणून वरनं चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्यातच रंग मिसळून हात द्यायचा. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. पण दरवर्षीच्या पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी परत. म्हणजे रंग हा त्या घराचा औषधाचा डोस आहे. आता बऱ्याच ठिकाणी डब्यातला प्लास्टिक पेंट मारलाय, तिथं नीट बघा, खालच्या दोन-अडीच फुटांत फुगे आलेले, पापुद्रे निघालेले दिसतील, ओल आत अडकलेली असते. चुन्याची भिंत फिकी पडते, पण तिला फुगे येत नाहीत. हा फरक मुलाला हात न लावता नुसतं बघून ओळखायला सांगा, दहा घरांनंतर त्याला जमायला लागेल. तुम्ही दिवाळीनंतर जाताय म्हणजे रंग ताजे असतील.

सेंट सेबॅस्टियन चॅपेल गल्लीच्या टोकाला आहे, छोटं, पांढरं, आत्ताची इमारत 1880 ची. रोज उघडं असेलच असं धरू नका, सकाळी प्रार्थनेच्या वेळेला मिळण्याची शक्यता जास्त. उघडं असेल तर आतला क्रूस बघायलाच पाहिजे. बहुतेक ठिकाणी क्रूसावरच्या येशूचे डोळे मिटलेले आणि मान खाली असते, इथं डोळे उघडे आहेत. हा क्रूस ओल्ड गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्म-चौकशीच्या कोर्टाच्या वाड्यात होता, ज्यांची धर्मावरनं चौकशी व्हायची ती माणसं त्याच्यापुढं उभी राहायची. गोव्यातलं इन्क्विझिशन 1560 ला सुरू झालं, 1812 ला बंद झालं, तेव्हा क्रूस पणजीच्या आदिलशहाच्या वाड्यात आणला आणि 1918 ला ह्या चॅपेलमध्ये. अडीचशे वर्षं किती लोकांनी भीतीनं त्या डोळ्यांकडं बघितलं असेल. मी ग्रुपला तिथं काही बोलू देत नाय, बाहेर येऊनच सांगतो. चॅपेलच्या पुढच्या चौकात विहीर आहे, फोटोसाठी तिथं गर्दी असते, पण तुम्ही आत्तापर्यंत पाण्याच्या मागं आलाय त्यामुळं तुम्हाला ती विहीर वेगळी दिसेल. पायथ्याला पाणी वरच लागतं, म्हणून घरांच्या मागं पण विहिरी आहेत.

चॅपेलपासून खाडीकडं दोन मिनिटं. ओरें खाडी. भरती असेल तर छान दिसते, ओहोटीला गाळ दिसतो आणि वास पण येतो, नाक मुरडू नका, टेकडीवर पडलेलं पाणी इथं येऊन समुद्राच्या पाण्याला भेटतं. जमलं तर भरतीची वेळ मोबाइलवर आदल्या रात्री बघून ठेवा. खाडीच्या कडेच्या घरांची जोती किती उंच घेतलीत ते बघा, ती उगाच नाय, पावसाळ्यात भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की पाणी रस्त्यावर चढतं.

ह्या सगळ्याला चालणं दोन-अडीच किलोमीटरच्या पुढं जात नाय, पण तीन तास धरा. सातला सुरू, दहाला संपवा. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही येतं. रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात, आणि दुपारी एक ते चार पणजी झोपते. सकाळचा आणखी एक फायदा, सायकलवरनं भोंगा वाजवत पोदेर येतो, पाववाला. त्याच्याकडनं पोय घ्या, कोंड्याची असते, गरम मिळाली तर तिथंच खायची. तुमच्या पिशवीत सोलापूरची शेंगा चटणी असणारच, पोयमध्ये घालून खाऊन बघा. 31 जानेवारी रोडवरच त्याच नावाची जुनी बेकरी आहे, तिथं बिबिंका, थराथरांचा गोड केक, मिळतो.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ही वस्ती म्युझियम नाय, तिथं माणसं राहतात. आपल्या चाटी गल्लीत नाहीतर बाळीवेसला तुमच्या दारातल्या ओसरीवर कोणीतरी परगावचा येऊन पाय पसरून बसला, खिडकीतनं आत मोबाइल घातला, आणि तुमची आजी आत जेवतेय, तर कसं वाटेल? तिथं रोज तेच होतंय. प्री-वेडिंगवाले कपडे बदलायला बोळात शिरतात, रील करणारे दुसऱ्याच्या जिन्यावर चढतात. बऱ्याच घरांवर फोटो काढू नका असे बोर्ड लागलेत ते त्यामुळं. बोर्ड असेल तिथं कॅमेरा खाली. बोर्ड नसेल आणि माणूस दारात असेल तर आधी विचारा, मराठी समजते, नाहीतर नुसतं "देव बरो दीस दिवूं" म्हणा आणि हसा, बघा कसा फरक पडतो. मी हे कितीतरी वेळा बघितलंय, म्हातारी माणसं आपणहून घराचं वय, आजोबा काय करायचे हे सांगायला लागतात, पण सातजणांचा घोळका एकदम दारात गेला तर नाय. तिथं दोन-तीन जणांत विभागून चाला, आवाज हळू, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहू नका, गल्लीतनं गाड्या जातात.

गाईड घ्या, पण तिथलाच, त्याच वस्तीत किंवा पणजीत वाढलेला. ठरवायच्या आधी त्याला दोन गोष्टी विचारा, झरा दाखवणार का आणि मळ्यात नेणार का. नुसता रंगीत भिंतींचा फोटो पॉइंट टूर असेल तर पैसे वाचवा, हे उत्तर हातात घेऊन तुम्ही तुमचे जा.

जायच्या आधी एक रविवार आपल्याकडंच सराव करा, हे मी प्रत्येकाला सांगतो. सकाळी बाळीवेसपासून निघा, उत्तर कसब्यातला हिरेहब्बू वाडा, जिथनं गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, तो बाहेरनं बघा, मधला मारुती, चाटी गल्ली, माणिक चौक करत किल्ल्याच्या कडेनं सिद्धेश्वर तलावापर्यंत या. जुन्या वाड्यांची जोती बघा, पन्हाळी कुठं सोडलीत, गटार कुणीकडं वाहतंय, तलावाकडं किती उतरत आलो ते पावलांना कळतंय का बघा. सोलापूर सपाट आहे असं आपण म्हणतो पण पाण्याला विचारलं तर ते वेगळं सांगतं. मुलाला वही द्या आणि फक्त पाण्याच्या वाटेचे बाण काढायला सांगा. तीच वही पुढं पणजीला.

फिरून झालं की शेजारच्या साओ तोमे वस्तीच्या बाजूनं, जुन्या पोस्टाच्या इमारतीवरनं (आधी तिथं तंबाखूचं कोठार होतं) पणजीच्या मोठ्या चर्चकडं येता येतं. आईंना पायऱ्या नको असतील तर चर्च खालनंच बघा, समोरनंच चांगलं दिसतं. मूळ चॅपेल 1541 चं, आत्ताचं बांधकाम 1619 चं, वरची घंटा ओल्ड गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली. गाडी पाटोच्या पार्किंगमध्ये लावायला सांगा, गल्लीत आणायला लावू नका. आणि तिथनं ओल्ड गोव्याला जाणार असाल तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की हायवेनं नाय, रायबंदरच्या रस्त्यानं चल. व्हाइसरॉय लिन्यारेशच्या काळात 1633-34 ला दलदलीतनं बांधलेला तीन किलोमीटरचा बांध आहे तो, डाव्या हाताला मांडवी आणि उजव्या हाताला खाजण (बांध घालून भरतीचं पाणी अडवलेली खाडीकाठची जमीन), त्यामुळं आईंना डावीकडची खिडकी द्या.